कोळशाच्या पिशवीवर किती भिस्त ठेवायची?

गेल्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीने पुण्यात नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो, तेव्हा दारातच नव्या घराचा तो ओळखीचा वास आला. ताजा रंग, कपाटांचे पॉलिश, प्लायवूड, सुताराचे चिकटद्रव्य, सगळ्याचा मिळून एक. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालेही, "नव्या घराचा वास काही वेगळाच असतो, नाही?" सगळे हसले, जेवले आणि आपापल्या घरी गेले.

ती मंडळी राहायला आल्यावर मात्र आठ-दहा दिवसांतच तिच्या धाकट्या मुलाचे डोळे चुरचुरू लागले. रात्री कोरडा खोकला. डॉक्टरांनी तपासले, सर्दीचे औषध दिले आणि "घरात खिडक्या उघड्या ठेवता ना?" असे विचारले. पण थंडीचे दिवस, त्यात शेजारी दुसऱ्या इमारतीचे बांधकाम सुरू, धूळ येते म्हणून खिडक्या दिवसभर बंद. मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने उपाय सुचवला. कोळशाच्या पिशव्या! तागाच्या, राखाडी रंगाच्या, हाताच्या पंजाएवढ्या. सोबतच्या कागदावर छापले होते की, हवेतील सर्व विषारी वायू, दुर्गंध, ओलावा आणि जंतू ही पिशवी शोषून घेते. महिन्यातून एकदा दोन तास ऊन दाखवा, दोन वर्षे चालते. तिने पाच पिशव्या आणल्या.

जानेवारीत मी दोन दिवस तिच्याकडे राहायला गेले. तिने कौतुकाने सगळे घर दाखवले. एक पिशवी दिवाणखान्यात, दोन मुलांच्या खोलीत, एक फ्रिजमध्ये आणि पाचवी बाथरूममध्ये, थेट गॅसच्या गीझरखाली पाइपला टांगलेली. बाथरूमचा झरोका थंड वारा येतो म्हणून पुठ्ठा लावून बंद केला होता.

"गॅसचा गीझर आहे ना ताई, म्हणून मुद्दाम तिथे एक टांगली," ती म्हणाली. "काही गॅस-बिस झाला तर शोषून घेईल."

रात्री गप्पांच्या ओघात तिने आणखी एक गोष्ट सांगितली. रविवारी डोक्यावरून आंघोळ केली, की डोके ठणकते आणि मळमळते. "पित्त वाढलंय गं. सोलकढी सुरू केलीय."

मी उठले आणि आधी तो पुठ्ठा काढला.

बहीण शिकलेली आहे, संसारात चोख आहे. चूक तिची नव्हती. कोळसा हवा शुद्ध करतो ही गोष्ट खरीच आहे, इतकी खरी की तिच्या जोरावर वाटेल ते खपवता येते. म्हणून हा कोळसा नेमके काय पकडतो आणि काय सोडून देतो, हे घरच्या माणसांना नीट माहीत असायला हवे.

करवंटीपासून कार्बनपर्यंत

कोळशाशी आपली ओळख जुनी आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एकावर एक ठेवलेल्या मडक्यांची पाण्याची गाळणी असायची. वाळू, खडी आणि कोळसा. आजच्या घरगुती जलशुद्धी यंत्रातही एका नळीत काळे दाणे असतात. पाण्यातला क्लोरीनचा वास आणि रंग काढण्याचे काम तेच करतात.

पण चुलीतला कोळसा आणि हे काळे दाणे यांत फरक आहे. या दाण्यांना 'सक्रिय कोळसा' किंवा 'ॲक्टिव्हेटेड कार्बन' म्हणतात. तो लाकूड, दगडी कोळसा, बांबू अशा अनेक गोष्टींपासून बनतो, पण वायू पकडण्यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा विशेष नावाजलेला आहे. आपला देश यात मागे नाही. तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक या नारळाच्या पट्ट्यात खोबरे काढून झाल्यावर उरलेल्या करवंट्या कमी हवेत जाळून त्यांचा कोळसा करतात. मग कारखान्यात ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला त्यावर वाफ सोडतात. त्या वाफेने कोळसा आतून पोखरला जातो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे तयार होतात.

ही छिद्रे उलगडून सपाट पसरता आली, तर एका ग्रॅमच्या कोळशाचा पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर भरेल. म्हणजे चहाच्या दोन चमच्यांत मावेल एवढ्या कोळशाच्या पोटात एकरभर जमीन दडलेली! हवेतील वायूचे कण या जमिनीवर येऊन चिकटतात. फडके पाणी पिते, तसे हे पिणे नव्हे. लोकरीच्या शालीला कापसाचे तंतू चिकटावेत, तसा हा प्रकार आहे. शास्त्रात याला 'अधिशोषण' असा शब्द आहे.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. पहिली, जो कण या भिंतींना चिकटत नाही, तो कोळशातून सरळ निघून जातो. दुसरी, जागा भरली की काम संपले. घरगुती वापरातले बहुतेक गैरसमज या दोन गोष्टी विसरल्यामुळे होतात.

मुखवट्याची गोष्ट

कोळसा वायू धरून ठेवतो, हे स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शीले याने १७७३ मध्ये पाहिले होते. पुढे १८५४ मध्ये जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने कोळसा भरलेला तोंडावर बांधायचा मुखवटा तयार केला. पण कोळशाची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि खंदकांतले सैनिक गुदमरून मेले. त्यानंतर वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांची धावपळ सुरू झाली. रशियात झेलिन्स्की या शास्त्रज्ञाने सक्रिय कोळशाचा मुखवटा बनवला. अमेरिकेत तर करवंट्या कमी पडल्या, म्हणून १९१८ मध्ये लोकांना पीच आणि तत्सम फळांच्या बाठी जपून ठेवून सरकारकडे द्यायला सांगितले गेले. त्या बाठींचा कोळसा मुखवट्यांत जात असे.

या मुखवट्यांनी क्लोरीन अडवला आणि त्याहून घातक वायूही अडवले. एका वायूपुढे मात्र कोळशाने हात टेकले. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याचा कण इतका लहान आणि इतका हलका, की नेहमीच्या तापमानाला तो कोळशाला जवळजवळ चिकटतच नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांना वेगळाच पदार्थ शोधावा लागला. मँगनीज आणि तांबे यांच्या ऑक्साइडांचे हे मिश्रण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या नावांवरून 'हॉपकॅलाइट' म्हणून ओळखले गेले. तेही ओलाव्याने निकामी होते, त्यामुळे वाफेने भरलेल्या बाथरूमात त्याचाही उपयोग नाही.

बहिणीच्या गीझरखाली टांगलेली पिशवी ही अशी होती. शंभर वर्षांपूर्वीच ज्या कामाला कोळसा निरुपयोगी ठरला, नेमके तेच काम तिच्यावर सोपवले होते.

गीझर, शेगडी आणि पित्त

गॅसचा गीझर पेटतो तेव्हा त्याला जळण्यासाठी पुष्कळ प्राणवायू लागतो. पाच बाय सात फुटांची बाथरूम, दार आतून बंद, झरोक्याला पुठ्ठा. गीझर दहा-पंधरा मिनिटे सलग चालला, की खोलीतला प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर वास येतो, कारण सिलिंडर भरताना त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. हा वायू मात्र जळण्यातून निर्माण होतो, त्याला असली कोणतीही खूण नसते.

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे या वायूला धरते. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते, पाय लटपटतात. माणसाला वाटते, पित्त झाले किंवा उपास बाधला. वायू वाढत गेला, तर कडी काढायलाही हात उचलत नाही. रोज अंगभर पाच मिनिटांत आंघोळ उरकणाऱ्याला कदाचित काहीच होणार नाही. जो रविवारी सावकाश केस धुतो, त्याला होते. लांब केसांच्या बायका आणि मुली यात जास्त सापडतात, ते यामुळेच.

उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा अंगीठी पेटवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या वाचायला मिळतात. मारणारा वायू हाच. जळणारा कोळसा जो वायू सोडतो, तोच वायू पिशवीतला कोळसा पकडू शकत नाही.

मग करायचे काय? गॅसचा गीझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या गच्चीत बसवावा आणि गरम पाणी पाइपने आत आणावे. लगेच शक्य नसेल, तर दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. झरोका वर्षभर उघडा हवा. धूर बाहेर नेणारा पाइप असलेला गीझर असेल, तर तो पाइप खरोखर घराबाहेर निघतो का, हे स्वतः बघावे. बसवणाऱ्या माणसाने तो छताच्या पोकळीत सोडून दिल्याचे मी एका घरी पाहिले आहे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी छोटी यंत्रेही बाजारात मिळतात. आंघोळ करताना डोके जड झाले, तर विचार करत थांबू नये. गीझर बंद करून दार उघडावे आणि मोकळ्या हवेत यावे. घरातले कुणी आत पडलेले आढळले, तर त्याला आधी बाहेर काढून ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना गीझरचे आवर्जून सांगावे, कारण त्यावरून उपचार ठरतात.

नव्या कपाटांचा वास

आता मुलाच्या डोळ्यांकडे वळू या. रंगातले थिनर, पॉलिश, संपर्काने चिकटणारी चिकटद्रव्ये यांत टोल्यूइन, झायलीन यांसारखी द्रावके असतात. यांचे कण मोठे असल्याने कोळसा त्यांना उत्तम पकडतो. बेंझीनही पकडतो. इथे कोळशाची कीर्ती सार्थ आहे.

पण नव्या फर्निचरमधून येणारा आणखी एक वायू आहे, फॉर्माल्डिहाइड. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांचे थर किंवा भुसा ज्या राळेने चिकटवतात, त्या राळेतून तो हळूहळू सुटत राहतो. डोळ्यांना पाणी, घशात खवखव, नाकात झोंबणे ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. हा कणही लहान आणि चटकन उडून जाणारा. साध्या कोळशाला तो फारसा चिकटत नाही. त्याच्यासाठी कोळशावर किंवा अन्य दाण्यांवर पोटॅशियम परमँगनेटसारख्या रसायनाचा संस्कार करावा लागतो. तसा संस्कार केलेला माल असतो, पण साध्या पिशवीत किंवा स्वस्त यंत्रात तो असेलच असे नाही. विकणाऱ्याला थेट विचारावे.

त्यातून पिशवी म्हणजे स्वस्थ बसून राहणारी वस्तू. बारा बाय अकराची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तिच्यात सुमारे ३७ हजार लिटर हवा असते. कोपऱ्यात ठेवलेल्या दोनशे ग्रॅमच्या पिशवीकडे ही हवा आपणहून चालत येत नाही. पिशवीला स्पर्श करून जाते तेवढीच साफ होते आणि तेवढ्या वेळात कपाटातून नवा वायू सुटलेला असतो. म्हणून कोळशातून हवा ढकलणारा पंखा लागतो, आणि कोळसाही मूठभर असून भागत नाही.

बहिणीच्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. नव्या कपाटांची दारे सताड उघडी केली, खण बाहेर काढले आणि वरचा पंखा लावला. बांधकामाचे काम दुपारी जेवणाच्या वेळेला थांबते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. त्या दोन वेळा खिडक्या उघडायच्या, असे ठरले. उष्णता आणि दमटपणा वाढला, की प्लायवूडमधून वायू अधिक सुटतो. म्हणून उन्हाळ्यात तर कपाटे जास्तच उघडी ठेवावीत. जे निघायचे ते निघून जाऊ द्यावे. नवे घर रंगवून आणि फर्निचर करून झाल्यावर जमल्यास काही आठवडे मोकळे ठेवावे. मुहूर्त गाठायचा म्हणून आदल्या रात्री पॉलिशचा शेवटचा हात मारून सकाळी गृहप्रवेश करणे, आणि त्याच खोलीत बाळंतिणीला निजवणे, हे प्रकार टाळावेत.

फर्निचर अजून व्हायचे असेल, तर सुताराला बोर्डावरची फॉर्माल्डिहाइडची श्रेणी विचारा. ई-१ किंवा ई-० अशा खुणा असतात. आकडा जितका कमी, तितका वायू कमी. बोर्डाच्या कापलेल्या उघड्या कडांमधून वायू जास्त निघतो, त्यामुळे कपाटाच्या आतल्या आणि मागच्या कडाही बंद करून घ्याव्यात. सुतार म्हणेल, "मागे कोण बघतंय, बाई?" तरी करून घ्यावे.

यंत्रातली काळी चकती

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत हिवाळ्यात हवाशुद्धी यंत्रे घराघरांत दिसू लागली आहेत. मुंबई-पुण्यातही ती आली. या यंत्रात दोन वेगळी कामे असतात. घड्या घातलेला पांढरा 'हेपा' फिल्टर धुळीचे आणि धुराचे बारीक कण अडवतो. काळा फिल्टर म्हणजे आपला कोळसा, तो वायू आणि वास यांच्यासाठी. एकाचे काम दुसरा करू शकत नाही. दिवाळीनंतर दिल्लीकरांना सतावणारे पीएम २.५ हे कण असतात, वायू नव्हेत. त्यांना कोळशाची पिशवी कितीही टांगली तरी अडवता येणार नाही. उलट हेपा कितीही उत्तम असला, तरी रंगाचा वास त्यातून आरपार जातो.

पुष्कळ यंत्रांत काळा फिल्टर म्हणजे कोळशाची भुकटी लावलेली पातळ जाळी असते. तीत कोळसा असतो थोडासा. आठवडाभर स्वयंपाकाचा वास कमी झाल्यासारखा वाटतो आणि मग जैसे थे. यंत्र घेताना कोळसा किती ग्रॅम आहे, दाणेदार आहे की नुसती लेप दिलेली जाळी आहे, हे विचारावे. दुकानदार हवा शुद्ध करण्याच्या वेगाचा आकडा सांगेल. तो आकडा बहुधा धूर आणि धूळ यांच्यापुरताच असतो, वायूंबद्दल काही सांगत नाही. यंत्रातून मुद्दाम ओझोन सोडला जात असेल, तर ते घेऊच नये. ओझोन फुप्फुसांना इजा करतो.

आणि हा फिल्टर संपला, हे कसे ओळखायचे? पांढरा हेपा मळून करडा होतो, तो दिसतो. काळ्यावर मळ दिसत नाही! वास परत येऊ लागणे, एवढीच त्याची खूण. भरून गेलेला कोळसा गरम किंवा दमट दिवशी जुने वायू परत सोडूही शकतो. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा आणि नव्या फिल्टरच्या खर्चाचा हिशेब यंत्र घेतानाच करावा.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार परदेशी जाहिरातीत नसतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतके बाष्प असते, की कोळशाची छिद्रे पाण्यानेच भरत जातात आणि वायूंना जागा उरत नाही. पिशवीला ऊन दाखवल्याने हे पाणी उडते, थोडे हलके वासही जातात. तेवढा उपयोग खरा. पण घट्ट बसलेली द्रावके काढायला कारखान्यात पुन्हा सातशे-आठशे अंशांच्या भट्टीत घालावे लागते. गच्चीवरच्या उन्हाने ते कसे साधणार?

बिनधुराड्याची चिमणी

फ्लॅटमध्ये सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नाही, म्हणून अनेक जणी पाइप नसलेली चिमणी घेतात. ती धूर खेचते, जाळीवर तेल अडवते, आतल्या कोळशातून हवा नेते आणि परत स्वयंपाकघरातच सोडते. फोडणीचा आणि मासळीचा वास कमी होतो, हे खरे. परंतु वाफ, उष्णता, गॅस जळताना निर्माण होणारे नायट्रोजनचे बरेचसे ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड पुन्हा खोलीतच येतात. कोळशाचा डबा तेलकट वाफेने लवकर बुजतो. रोजच्या फोडण्यांच्या घरात तो तीन ते सहा महिन्यांनी बदलावा लागतो. मी विचारलेल्या चार घरांपैकी तिघींना तसा डबा आत आहे, हेच माहीत नव्हते! हवा बाहेर फेकणारा साधा एक्झॉस्ट पंखा अशा चिमणीपेक्षा पुष्कळदा चांगले काम करतो. शक्य असेल तर बाहेर पाइप नेता येणारीच चिमणी घ्यावी.

डांबरगोळ्या आणि डासांची उदबत्ती

कधी कधी आपणच एका हाताने वायू सोडतो आणि दुसऱ्या हाताने तो टिपायला कोळसा आणतो. ट्रंकेत, कपाटात आणि वॉशबेसिनमध्ये टाकायच्या डांबरगोळ्या बहुधा नॅफ्थलिनच्या असतात. त्यांचा वास म्हणजे ते नॅफ्थलिनच, हवेत उडालेले. कोळसा ते पकडतो, पण मुळात ते घरात हवेच कशाला? काही माणसांच्या रक्तपेशींत जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता असते. अशा तान्ह्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी आणि झबली सरळ काढून घातली, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आजीने जपून ठेवलेले लोकरीचे कपडे बाळाला घालायचे असतील, तर ते आधी धुऊन चांगले दोन-तीन उन्हे दाखवावीत. पुढच्या वर्षी कडुनिंबाचा वाळलेला पाला वापरावा.

डासांच्या उदबत्तीचेही तसेच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते. खिडक्या बंद करून कॉइल लावायची आणि उशाशी कोळशाची पिशवी ठेवायची, याला अर्थ नाही. मच्छरदाणी लावावी, खिडक्यांना जाळी बसवावी. देवापुढची उदबत्तीसुद्धा लहान खोलीत, दारे लावून, तासन्‌तास जळत ठेवू नये. सासूबाईंना हे सांगणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. देवघराजवळची खिडकी उघडी ठेवली, तर निम्मा प्रश्न सुटतो.

घरातल्या झाडांबद्दलही एक शब्द. 'नासा'च्या १९८९ सालच्या एका प्रयोगाचा हवाला देऊन मनी प्लांट आणि स्नेक प्लांट हवा शुद्ध करतात, असे सांगितले जाते. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत केला होता, आणि त्यातल्या काही कुंड्यांत चक्क सक्रिय कोळसा घालून पंख्याने हवा खेळवली होती. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा, तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे त्यातून निघाले. झाडे लावावीत ती डोळ्यांना बरे वाटते म्हणून.

मग पिशव्यांचा उपयोग काय?

आहे ना. जागा लहान, बंद आणि हवा फारशी न बदलणारी असेल, तर पिशवी काम करते. चपला-बुटांचे कपाट, फ्रिज, प्रवासाच्या बॅगा, जुन्या पुस्तकांची पेटी. भिंतीला ओल येऊन कुबट वास येत असेल, तर मात्र पिशवीने तो झाकू नये. बुरशी भिंतीत वाढतच राहते. आधी गळती शोधावी.

फेब्रुवारीत बहिणीचा फोन आला. गीझर ड्राय बाल्कनीत हलवला होता. प्लंबरने एका दिवसाची मजुरी आणि आठ फूट पाइपाचे पैसे घेतले, आणि जाताना "आधीच्या माणसाने आत का बसवला कळत नाही" असे म्हणून गेला. मुलाचा खोकला कमी झाला आहे, डोळे दुपारी अजून चोळतो. तिचे रविवारचे डोके दुखत नाही. सोलकढी चालू आहे, ती आवडते म्हणून. चार पिशव्या चपलांच्या कपाटात गेल्या. पाचवी फ्रिजमध्येच आहे, सुरमईच्या डब्याशेजारी.

"आणि झरोका?" मी विचारले.

"उघडाच आहे गं. थंडी वाजते, पण उघडाच आहे."